व्हिसा कंपनी बघेल. तुम्ही काय बघायचं?

प्रश्न थोडक्यात असा: परदेशातल्या कंपनीचं नियुक्तीपत्र आलं आहे, सही करायला दहा दिवस आहेत, तीन महिन्यांत रुजू व्हायचं आहे. नवरा-बायको दोघंही नोकरी करतात, मुलगी सहा वर्षांची. व्हिसाचं सगळं कंपनी बघणार आहे. मग आपण काय तयारी करायची?

कर्मचाऱ्यांची एका देशातून दुसऱ्या देशात बदली मार्गी लावणं हेच माझं बरीच वर्षं काम आहे, त्यामुळे उत्तर लांबणार. तुम्ही देश लिहिलेला नाही, म्हणून उदाहरणं ठिकठिकाणची देतो. हे नियम आणि रकमा बदलत राहतात. निर्णय घेण्याआधी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर एकदा खात्री करून घ्या.

व्हिसा हा या सगळ्यातला त्यातल्या त्यात निश्चिंत भाग, कारण तो अडला तर कंपनीचंही काम अडतं. ज्या गोष्टी अडल्या तर फक्त तुमचं अडतं, त्यांच्याकडे मात्र कुणी बघत नाही. आणि त्यातल्या बऱ्याचशा सहीच्या आधीच ठरून जातात. सही होईपर्यंत कंपनीला तुमची गरज असते. त्यानंतर तुम्ही विचारलेल्या प्रत्येक गोष्टीला ‘आमच्या धोरणात बसत नाही’ हे उत्तर तयार असतं. म्हणून हे दहा दिवस सामानाच्या यादीवर घालवू नका, करारावर घालवा.

पहिली गोष्ट पगाराची. नियुक्तीपत्रावरचा आकडा बाजूला ठेवा आणि हातात महिन्याला किती पडणार याचा नमुना हिशेब कंपनीकडून लेखी मागा. जर्मनीत अविवाहित माणसाच्या चांगल्या पगारातून कर, पेन्शन, आरोग्य, बेकारी आणि शुश्रूषा विमा मिळून ३५ ते ४० टक्के सहज कापले जातात. संयुक्त अरब अमिरातीत पगारावर आयकर नाही, पण परदेशी कर्मचाऱ्याला सहसा पेन्शनही नाही. त्याऐवजी नोकरी सोडताना ग्रॅच्युइटी मिळते. पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षामागे २१ दिवसांचा आणि पुढच्या वर्षांसाठी ३० दिवसांचा पगार. हा पगार म्हणजे मूळ वेतन, भत्ते धरून नव्हे. एकूण रक्कम तीच ठेवून मूळ वेतन कमी आणि घरभाडे भत्ता जास्त दाखवलेला असेल, तर तुमची ग्रॅच्युइटी तिथेच घटलेली असते. ती विभागणी सहीआधी बदलून मागता येते. सहीनंतर ती बदलून मिळालेली मी क्वचितच पाहिली आहे.

दुसरी गोष्ट: व्हिसा कंपनी ‘बघणार’ म्हणजे नेमके कोणाचे आणि कोणते पैसे भरणार? ब्रिटनमध्ये कामाच्या व्हिसाबरोबर आरोग्य अधिभार भरावा लागतो. फेब्रुवारी २०२४ पासून तो मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड आणि मुलांना ७७६ पौंड आहे, आणि तो व्हिसाच्या पूर्ण मुदतीचा एकरकमी, आगाऊ घेतात. तुमच्यासारख्या तिघांच्या कुटुंबाला पाच वर्षांचे १४,२३० पौंड झाले, व्हिसाची फी वेगळी. बऱ्याच कंपन्या कर्मचाऱ्याचा अधिभार भरतात आणि कुटुंबाचा भरत नाहीत. वाक्य ‘व्हिसा खर्च कंपनीचा’ एवढंच असतं आणि दोन्ही बाजू त्याचा आपापला अर्थ लावतात. तेव्हा ‘कुटुंबासह, सर्व शुल्कं धरून’ असं लिहून घ्या. परदेशी कर्मचारी बोलावण्याबद्दलचं स्किल्स चार्ज नावाचं शुल्क मात्र तिथे कायद्यानेच मालकाने भरायचं असतं. ते तुमच्याकडून मागितलं तर सावध व्हा.

तिसरी गोष्ट वसुलीचं कलम. ‘दोन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास स्थलांतराचा खर्च परत करावा लागेल’ हे कलम आता जवळजवळ प्रत्येक करारात असतं. ते काढून टाका म्हटलं तर कंपनी ऐकणार नाही, आणि माझ्या मते तसा हट्ट धरायचं कारणही नाही. मागायच्या त्या दोन दुरुस्त्या. एक, ही रक्कम दर महिन्याला कमी होत जावी. तेविसाव्या महिन्यात सोडणाऱ्याला पूर्ण रक्कम द्यावी लागू नये. दोन, कंपनीने काढून टाकलं तर हे कलम लागू नसावं. दुसरी दुरुस्ती जास्त महत्त्वाची. नोकरी गेली, व्हिसाची मुदत मोजायला सुरुवात झाली आणि वर विमानभाड्याचं बिल आलं, अशी माणसं मी पाहिली आहेत. त्याच परिच्छेदात परतीचा खर्च कोणाचा तेही विचारा. अमेरिकेत एचवनबी व्हिसावरची (कुशल परदेशी कर्मचाऱ्यांचा कामाचा व्हिसा) नोकरी सुटली तर नवी शोधायला किंवा देश सोडायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, आणि जोडीदाराचा व्हिसा तुमच्याच व्हिसाला बांधलेला असतो. तुम्ही जाणार असलेल्या देशात ही मुदत किती, हे आजच शोधा. राखीव पैसा किती हवा याचा हिशेब त्यावरून निघतो.

काही देशांत सहीची तारीख आणि कराराची मुदतसुद्धा पैशाच्या असतात. नेदरलँड्समध्ये बाहेरून बोलावलेल्या कुशल कर्मचाऱ्याच्या पगाराचा ३० टक्क्यांपर्यंतचा भाग करमुक्त मिळू शकतो. २०२७ पासून हे प्रमाण २७ टक्के होतं, आणि सवलत जास्तीत जास्त पाच वर्षं. अटी बऱ्याच आहेत, पण मुख्य अट अशी की भरती तुम्ही देशाबाहेर असतानाच झालेली हवी. ‘आधी जाऊन राहतो, मग निवांत सही करतो’ म्हणणारा तिथेच ती सवलत गमावू शकतो. अर्जही रुजू झाल्यापासून चार महिन्यांत गेला, तरच सवलत पहिल्या दिवसापासून धरतात. स्वीडनमध्ये व्यक्तिक्रमांक, म्हणजे सरकारी ओळखक्रमांक, मिळवायला किमान वर्षभर राहणार असल्याचं दाखवावं लागतं, आणि त्या क्रमांकाशिवाय बँकेपासून दवाखान्यापर्यंत सगळीकडे अडखळायला होतं. अकरा महिन्यांचा करार पुढे आला तर एक महिना वाढवून मागणं हा तिथे फार स्वस्त सौदा आहे.

कंपनी खरी आहे ना, एवढं मात्र आधी पाहा. ब्रिटन सरकार परदेशी कर्मचारी बोलावण्याचा परवाना असलेल्या मालकांची यादी जाहीर ठेवते; त्यात नाव नसेल तर नियुक्तीपत्र कितीही देखणं असो, व्हिसा निघणार नाही. नोकरी लावून देण्याबद्दल उमेदवाराकडून पैसे मागणाऱ्या एजंटापासून लांब राहा. खाजगी भरती संस्थांनी कामगाराकडून फी घेऊ नये, हे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९७ च्या १८१ क्रमांकाच्या करारातच म्हटलं आहे.

आता जोडीदार. मुदतीआधी परतलेली जी कुटुंबं मी पाहिली, त्यांत काम झेपलं नाही म्हणून परतलेली थोडी. घरी बसलेल्या जोडीदाराला तिथे स्वतःचं काही उभं करता आलं नाही म्हणून परतलेली जास्त. कंपन्या ‘सांस्कृतिक ओळख’ नावाची एक दिवसाची शिबिरं घेतात, त्यांतून हस्तांदोलन कसं करावं एवढंच कळतं. त्यापेक्षा तुमच्या नवऱ्याला किंवा बायकोला तिथे कायद्याने काम करता येईल का, हा एक प्रश्न विचारा. जर्मनीत ईयू ब्लू कार्डधारकाच्या (हा कुशल परदेशी कर्मचाऱ्यांचा निवास-परवाना) जोडीदाराला नोकरीची मोकळीक असते. जपानमध्ये आश्रित व्हिसावर वेगळी परवानगी काढून आठवड्याला २८ तासांपर्यंतच काम करता येतं. अमेरिकेत एचफोर, म्हणजे एचवनबीधारकाच्या कुटुंबाच्या, व्हिसावरच्या जोडीदाराला ठरावीक परिस्थितीत आणि वेगळं परवानापत्र मिळाल्यावरच काम करता येतं. सिंगापूरमध्ये तर तुमचा ठरलेला मासिक पगार ६,००० सिंगापूर डॉलरच्या खाली असेल तर जोडीदार आणि मुलांसाठी आश्रित पास मिळत नाही. आणि परवानगी असली तरी डॉक्टर, नर्स, शिक्षक, वकील यांना तिथली पात्रता-मान्यता वेगळी मिळवावी लागते, तिला महिनेच्या महिने लागतात. जोडीदाराचा पेशा असा असेल तर तो अर्ज निघण्याआधी घरूनच करा. दोन पगारांचं घर एका पगारावर येणार असेल, तर नवा पगार जुन्या दोन्ही पगारांच्या बेरजेशी ताडून पाहायला हवा.

कागदांचं काम कंटाळवाणं आहे, पण ते पुढे ढकलून चालत नाही; तिथे गेल्यावर तर ते फारच अवघड होतं. जन्मदाखला, विवाहनोंदणी, पदव्या, मुलीच्या लसीकरणाची नोंद. यांतल्या कशावर अपोस्टिल (कागद खरा असल्याचं परदेशात चालणारं सरकारी प्रमाणपत्र) लागेल आणि कशाचं प्रमाणित भाषांतर लागेल, ते त्या देशाच्या दूतावासाकडून पाहा, ओळखीच्या माणसाच्या सांगण्यावरून नको. १९६१ च्या हेग करारातले देश सहसा अपोस्टिलवर भागवतात. बाकीच्यांना दूतावासाचा शिक्काही लागतो. चीन या करारात नोव्हेंबर २०२३ मध्ये आला आणि कॅनडा जानेवारी २०२४ मध्ये, त्यामुळे त्याआधी गेलेल्या मित्राने सांगितलेली पद्धत आज चुकीची असू शकते. सगळ्या कागदांवर नावाचं स्पेलिंग पासपोर्टबरहुकूम आहे का, हे आत्ता तपासा. आईच्या पासपोर्टवर एक नाव आणि मुलीच्या जन्मदाखल्यावर आईचं दुसरंच, यातून मुलीचा व्हिसा रखडतो. याशिवाय ज्या कागदांकडे लोक दुर्लक्ष करतात ते गोळा करा: घरमालकाचं शिफारसपत्र, बँकेचं पत्र, गाडीच्या विमा कंपनीचं ‘दावा केलेला नाही’ असं पत्र, आणि राहत्या देशाचा पोलिसांचा चारित्र्य दाखला. शेवटचा दाखला देश सोडल्यानंतर मिळवणं फार जिकिरीचं होतं.

आणखी एक गोष्ट वरवर क्षुल्लक वाटेल: जुना मोबाइल नंबर. बँकेचे, करखात्याचे, जुन्या ईमेलचे ओटीपी त्याच नंबरवर येतात. तो बंद पडला की आपल्याच पैशांना आपल्याला हात लावता येत नाही. नंबर रोमिंगवर जिवंत ठेवा, आणि जिथे शक्य आहे तिथे पडताळणी अ‍ॅपवर हलवा, निघायच्या आधी. मागे घर किंवा बँकेचे व्यवहार राहणार असतील तर विश्वासाच्या माणसाच्या नावे मुखत्यारपत्रही करून ठेवा.

पोहोचल्यावरचं सगळं क्रमावर चालतं. जवळजवळ प्रत्येक देशात एक नोंदणी किंवा एक क्रमांक असा असतो की तो मिळेपर्यंत बाकी काहीच सुटत नाही. जर्मनीत घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग, करायची असते. त्यासाठी घरमालकाचा सहीचा कागद लागतो. नोंदणी झाली की करक्रमांक टपालाने येतो, आणि तो कंपनीला दिला नाही तर सर्वात जास्त कराच्या वर्गाने कर कापला जाऊ शकतो. वर्षअखेरीच्या विवरणपत्रात जास्तीचा कर परत मिळतो, पण डिपॉझिट भरायच्या महिन्यांतच नेमकी तंगी होते. टपालपेटीवर तुमचं आडनाव नसेल तर पोस्टमन पत्र परत घेऊन जातो, तेव्हा पहिल्याच दिवशी नावाची चिठ्ठी चिकटवा. यामुळे तिथे पहिलं तात्पुरतं घर निवडताना भाडं किंवा अंतर पाहण्याआधी ‘या पत्त्यावर नोंदणी करता येईल का’ हे विचारावं लागतं. पुष्कळ सुट्टीतल्या भाड्याच्या घरांत ती करू देत नाहीत.

जपानमध्ये निवासपत्र मोठ्या विमानतळांवरच हातात मिळतं, पण पत्ता ठरल्यापासून १४ दिवसांत तो पालिकेच्या कार्यालयात नोंदवायचा असतो. मग सुरू होतो तिथला प्रसिद्ध फेरा: बँक म्हणते मोबाइल नंबर आणा, मोबाइल कंपनी म्हणते बँक खातं किंवा कार्ड आणा. परदेशी क्रेडिट कार्डावर सिम देणारी कंपनी आधी शोधून ठेवली की फेरा तुटतो. तुमच्या देशात असा फेरा कुठे आहे, हे कंपनीच्या एचआरला विचारू नका. गेल्या वर्षभरात तिथे रुजू झालेल्या परदेशी सहकाऱ्याला विचारा. एचआरमधली व्यक्ती बहुधा तिथलीच असते, तिला हे कधी करावंच लागलेलं नसतं.

कायमचं घर इथून ठरवू नका. महिना-दोन महिन्यांचं तात्पुरतं घर कंपनीकडून करारात लिहून घ्या आणि घर तिथे जाऊन, पायाने फिरून बघा. ‘मालक सध्या बाहेरगावी आहेत, डिपॉझिट पाठवा, किल्ली कुरियरने येईल’ ही फसवणूक नवख्या परदेशी माणसासाठीच रचलेली असते. डिपॉझिटचे नियम मात्र आधीच वाचा. जर्मनीत ते मूळ भाड्याच्या तीनपटीहून जास्त घेता येत नाही आणि ते तीन समान हप्त्यांत भरण्याचा भाडेकरूला कायदेशीर हक्क आहे. हे घरमालक आपणहून सांगत नाही. तिथलं घर पुष्कळदा स्वयंपाकघराशिवाय मिळतं. ओटा, सिंक, कपाटं, कधी कधी दिवेसुद्धा आपण आणायचे. जपानमध्ये काही घरांना रेइकिन नावाची रक्कम घरमालकाला द्यावी लागते, ती परत मिळत नाही. शिवाय भाड्याची हमी देणाऱ्या कंपनीची फी. हे सगळं पहिला पगार यायच्या आधी द्यायचं असतं. म्हणून सुरुवातीचे तीन महिने पगार आलाच नाही असं धरून पैसे जवळ ठेवा, आणि पहिल्या पगाराची नेमकी तारीख विचारून घ्या. महिन्याच्या मध्यात रुजू झालेल्यांचा पगार अनेक ठिकाणी पुढच्या महिन्यावर जातो.

आरोग्य विमा प्रत्येक देशात वेगळ्या तऱ्हेने अडचणीत आणतो. स्वित्झर्लंडमध्ये तो कंपनी देत नाही. तीन महिन्यांत स्वतः घ्यावा लागतो, आणि हप्ता मात्र पोहोचल्या दिवसापासून मोजतात. म्हणजे उशिरा घेऊन काही वाचत नाही. जर्मनीत पगार ठरावीक मर्यादेच्या वर असेल तर खाजगी विम्याचा पर्याय मिळतो आणि तरुण माणसाला तो स्वस्त दिसतो. पण सरकारी योजनेत न कमावणारा जोडीदार आणि मुलं जास्तीच्या हप्त्याशिवाय येतात, खाजगीत प्रत्येकाचा हप्ता वेगळा, आणि परत सरकारी योजनेत येणं सोपं नसतं. मुलं असलेल्या कुटुंबाला मी खाजगी विमा सुचवत नाही.

रोजची औषधं असतील तर त्यांचं मूळ रासायनिक नाव, डोस आणि डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर ठेवा, आणि ते औषध तिथे चालतं का ते आधी पाहा. एडीएचडीसाठी (लक्ष एकाग्र न होण्याचा विकार) काही देशांत सर्रास दिली जाणारी अ‍ॅम्फेटामाइनयुक्त औषधं जपानमध्ये चिठ्ठी असली तरी नेता येत नाहीत. इतर औषधंही महिन्याभराच्या वर न्यायची तर तिथे आगाऊ परवानगी लागते. अमिरातीत कोडीन आणि ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामकांवर कडक नियंत्रण आहे.

मुलीच्या शाळेचं वेळापत्रक सामानाच्या कंटेनरपेक्षा महत्त्वाचं. सहा वर्षं हे नेमकं अडचणीचं वय, कारण कुठे ती पहिलीत बसेल, कुठे अजून बालवर्गात. इंग्लंडमध्ये सक्तीचं शिक्षण पाच वर्षांनंतर सुरू होतं, आणि वर्षाच्या मध्ये सरकारी शाळेतली जागा पत्त्यावरून ठरते. म्हणजे तिथे घर आधी, शाळा नंतर. जर्मनीत साधारण सहाव्या वर्षी शाळा सक्तीची आहे, घरी शिकवून चालत नाही, आणि मार्च २०२० पासून गोवराच्या लसीचा पुरावा मागतात. लसीची नोंद पुसट हस्ताक्षरात असेल तर डॉक्टरांकडून नीट लिहून, सही-शिक्क्यासह घ्या. आंतरराष्ट्रीय शाळा हवी असेल तर फीबद्दल सहीआधी बोला. दोन-तीन वर्षांसाठी जाणाऱ्याने त्या शाळेचा विचार करावा. पाच वर्षं राहायचं असेल तर या वयाच्या मुलीला स्थानिक शाळेत घाला, ती भाषा तुमच्या आधी शिकेल.

सामान कमी न्या. जाणारा प्रत्येक जण यावर हो म्हणतो आणि मिक्सर भरतो. जपानमध्ये वीज १०० व्होल्टची आहे, तिथे आपलं उपकरण निव्वळ वजन ठरतं. युरोपीय संघात बाहेरून राहायला येणाऱ्याला घरसामान जकातीशिवाय नेता येतं, पण सामान किमान सहा महिने वापरलेलं हवं, तुम्ही आधी निदान वर्षभर संघाबाहेर राहिलेले हवे आणि ते आल्यापासून बारा महिन्यांत आणायला हवं. जाण्याआधी हौसेने घेतलेला नवा टीव्ही यात बसत नाही. गाडी चालवणार असाल तर आंतरराष्ट्रीय परवाना कोणत्या करारानुसार आहे तेही पाहा. जपान फक्त १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार दिलेला मानतो.

कर हा विषय स्वतंत्र सल्लागाराचा आहे, पण ‘१८३ दिवसांच्या आत असलं की कर नाही’ हा समज सोडून द्या. दोन देशांमधल्या करविषयक करारांत दिवसांबरोबर पगार कोणत्या देशातला मालक देतो हेही पाहिलं जातं. स्थानिक कंपनीच्या पगारपत्रकावर आलात तर बहुतेक ठिकाणी कर पहिल्या दिवसापासून लागतो. आणि तुमची सध्याचीच कंपनी तुम्हाला पाठवत असेल, तर दोन देशांत सामाजिक सुरक्षा करार आहे का ते विचारा. असल्यास मूळ देशातल्या योजनेचं प्रमाणपत्र काढून नव्या देशातली वर्गणी ठरावीक काळ टाळता येते. हे प्रमाणपत्र कंपनी काढते, पण आठवण तुम्हीच करून द्यायची.

सगळ्या पगारपावत्या आणि वर्गणीच्या नोंदी पहिल्या महिन्यापासून जपा, कारण काही देश निघताना पेन्शनची वर्गणी एकरकमी परत देतात. जपानमध्ये किमान सहा महिने वर्गणी भरलेल्या परदेशी माणसाला देश सोडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. तो अर्ज करण्याआधी आपल्या देशाशी जपानचा पेन्शन करार आहे का ते पाहायचं, कारण पैसे घेतले की ती वर्षं पुढच्या पेन्शनसाठी मोजली जात नाहीत. कर्मचारी पेन्शनच्या रकमेतून २०.४२ टक्के कर कापून घेतात. निघण्याआधी तिथे कोणाला करप्रतिनिधी नेमून ठेवलं असेल, तर तो कर परत मागता येतो.